ताशा आणायला नांदगावला

नांदगावला सहल म्हणून कोणी जात नाही. कांदा विकायला जातात, कचेरीच्या कामाला जातात, नाहीतर लग्नाला जातात. मी गेले ती फुले पोचवायला आणि एक ताशा परत आणायला. परत आल्यापासून आजतागायत मळ्यात येणारा प्रत्येक जण तेच विचारतो आणि मी तेच सांगते, म्हणून एकदा सगळे लिहून काढते आहे. त्या बाजूला मे महिन्यात जाणार असाल तर तुमच्याही उपयोगाला येईल.

आम्ही मखमलाबादचे. झेंडू, शेवंती, निशिगंध करतो. पिकवण्याचे काम माझा थोरला भाऊ रामदासदादा बघतो आणि लग्नाच्या मांडवांना फुले पुरवण्याचे काम मी. पिकअप मीच चालवते. ड्रायव्हरवर अवलंबून राहिले की फुले दुपारी पोचतात आणि लग्न सकाळी असते, हे दोन हंगामांत कळल्यावर मी लायसन काढून घेतले.

ताशा दादाच्या मुलीचा. अश्विनी, म्हणजे आमची आशू, तेव्हा एकोणीस वर्षांची होती. कॉलेजातल्या फिरदोस नावाच्या मैत्रिणीबरोबर तिने दोघींचाच बँड काढला होता. फिरदोस गिटार वाजवते. त्या प्रकाराला पंक म्हणतात. मला समजले ते एवढे, की तीन सूर, पुष्कळ राग, आणि जाकिटाला सेफ्टी पिना. आशूने कडेचे केस काढून टाकले होते आणि मधले लाल करून उभे ठेवले होते. ते उभे राहावेत म्हणून ती माझी साडीची खळ लावायची. दादाला हे दिसत होते, पण मुलगी अभ्यासात बरी असल्यामुळे तो वर्तमानपत्र वर धरायचा.

त्या वर्षी, म्हणजे दोन हजार चारच्या लग्नसराईत, आशूला डॉलर बँजो पार्टीत ताशावर घेतले. मालकाचे नाव दिलीप, पण सगळे त्याला डॉलरच म्हणतात. डोक्यावर रुंद काठाची हॅट, पट्ट्याला बशीएवढे बक्कल, आणि ट्रकवर निवडुंग, घोडे आणि मावळणारा सूर्य रंगवलेला. मुलगी ताशा वाजवते म्हणून वराती बघायला गर्दी व्हायची. मग एप्रिलमध्ये सिन्नरला एका नवरदेवाच्या काकांना तिचे केस खटकले. डॉलरने वाद घातला नाही. भर रस्त्यात ट्रक थांबवला, आशूला खाली उतरवले आणि माइकवरून म्हणाला, आमची लेडीज आता घरी भाकऱ्या थापायला जाते आहे. लोक हसले. ताशा ट्रकवरच राहिला. आशू चालत एसटी स्टँडवर गेली.

त्यानंतर तिने केस चापून बसवले, ओढणी घेतली आणि दादाने आणलेल्या पहिल्याच स्थळाला हो म्हटले. पाहुणे येत्या रविवारी बघायला येणार होते. लग्नाला माझी हरकत नव्हती. ती ज्या आवाजात हो म्हणाली, त्याला होती.

म्हणून नांदगावची ऑर्डर आली आणि वऱ्हाडाने डॉलरची पार्टी ठरवल्याचे बोलता बोलता कळले, तेव्हा मी दादाला सांगितले की क्रेट उतरवायला दोन माणसे लागतील, आशू आणि फिरदोसला नेते.

चांदवडपर्यंत

दुपारी उन्हे कलल्यावर निघालो. सोबत घेतले ते असे: फुलांवर टाकायला ओले गोणपाट, सुतळी, दाभण, जास्तीचे पाण्याचे कॅन, लिंबू-साखर-मीठ, स्टेपनी आणि जॅक. फिरदोसने गिटार आणि गाडीच्या बॅटरीवर चालणारा एक छोटा स्पीकर घेतला. मी विचारले, कशाला. ती म्हणाली, असू दे.

ओझर मागे पडेपर्यंत आशू खिडकीबाहेर बघत होती. फिरदोस मात्र सूड कसा घ्यायचा याच्या योजना मांडत होती. डॉलरच्या जनरेटरमध्ये पाणी ओतू. मी म्हटले, लग्न दुसऱ्याचे आहे, दिवे जातील. त्याच्या हॅटमध्ये खाजकुयली टाकू. म्हटले, मे महिन्यात खाजकुयली आणणार कुठून. ट्रकच्या चारही चाकांची हवा सोडू. त्यावर मी तोंड उघडणार, तेवढ्यात आमच्याच मागच्या चाकाची हवा गेली.

चांदवडच्या अलीकडे रस्त्याकडेला चाक बदलले. पुढे टपरीवर पंक्चर काढणारा मला म्हणाला, "ताई, मालक कुठंयत?" मी सांगितले की मालक मीच. त्याने गाडीकडे एकदा बघितले, माझ्याकडे एकदा बघितले आणि पंक्चर शांतपणे काढले. तिथला चहा आपल्या नाशिकच्या चहापेक्षा गोड आणि अर्धा. मुद्दाम दोन मागवावेत.

माझी योजना साधी होती. सकाळी फुले पोचवायची, मुलीच्या वडिलांना विश्वासात घ्यायचे, चार माणसांसमोर डॉलरकडे ताशा मागायचा. चारचौघांत आणि लग्नघरात माणूस नाही म्हणत नाही.

मनमाड

चांदवडहून मनमाडकडे वळले की देश बदलतो. आपल्याकडची द्राक्षे आणि हिरवे बांध संपतात. माळ, बाभळी, तापलेले दगड, आणि अंगठा वर करून ठेवावा तसा एकटा उभा सुळका. संध्याकाळी तो तांबडा झाला होता. फिरदोस त्याच्याकडे बघून म्हणाली, "आत्या, या गावात दोन बंदूकवाले समोरासमोर उभे राहायला पाहिजेत." मी म्हटले, इथे दोन कांद्याचे ट्रक समोरासमोर उभे राहतात, तेवढे पुरे आहे.

मुक्काम मनमाडच्या गुरुद्वारात केला. बायकांना एकटे उतरायला याच्याइतकी चांगली जागा त्या भागात नाही. खोली स्वच्छ, गाडी आवारात, आणि फुलांवर मारायला भरपूर पाणी. आत जाताना डोके झाकावे लागते. आशूचे केस बसवलेले असल्यामुळे तिचा केशरी रुमाल नीट बसला, याचेच मला वाईट वाटले. लंगरात डाळ, रोटी आणि खीर होती. आपल्या पंगतीत आग्रह करकरून वाढतात, इथे न बोलता वाढत राहतात आणि हात आडवा केला तरच थांबतात.

तिथे रोट्या लाटणाऱ्या एका म्हाताऱ्या सरदारजींनी आशूला विचारले की बेटा, काय काम करतेस. तिने मान खाली घातली आणि म्हणाली, काही नाही. फिरदोस मध्येच बोलणार होती, मी तिला चिमटा काढला. ते उत्तर आशूनेच एकदा स्वतःच्या कानांनी ऐकायला हवे होते.

नांदगाव, सकाळ

पत्ता होता: मारुती मंदिराच्या मागचे मैदान, निळा मांडव. उजाडायच्या सुमारास पोचलो. मैदान होते, निळा मांडव होता, दारात बायका सडा घालत होत्या. फुले बघून सगळ्या आनंदल्या. माणसे धावत आली, क्रेट उतरवले, आम्ही खांबांना माळा बांधल्या, दाराला तोरण केले. कांदेपोहे आले, चहा आला. मी डायरीत खूण केली.

मग डॉलरचा ट्रक कुठे उभा आहे ते बघायला मैदानाला वळसा घालून पलीकडे गेलो, तर तिथे आणखी एक निळा मांडव. त्याच्यापुढे डॉलरचा ट्रक, आणि मांडवात मुलीचे वडील फुलेवाल्या बाईच्या नावाने शंख करत होते. ती बाई मी.

एवढ्या वर्षांत माझी अशी चूक झाली नव्हती. धावत पहिल्या मांडवात आले आणि तिथल्या मुलीच्या आईला, लीलाबाईंना, विचारले की न मागवलेली फुले तुम्ही घेतलीत कशी. त्या ओशाळल्या. "आवं ताई, आम्हाला वाटलं नवरदेवाकडच्यांनी धाडली. आता व्याह्यांना इचारायचं कसं, की फुलं तुम्हीच पाठवली का म्हणून? लय वाईट दिसतं ते." आणि नवरदेवाकडचे जे दोघे तिथे होते, त्यांना वाटले मुलीकडच्यांनी मागवली. एकमेकांचा मान राखण्याच्या नादात दोन्ही घरांनी माझा झेंडू खांबाला बांधून घेतला.

बांधलेले तोरण मांडवावरून उतरवणे अशुभ, ते कोणीच हातात घेईना. उरलेले निम्मे क्रेट पलीकडे नेले, माळा विरळ बांधल्या, बोलणी खाल्ली. विश्वासात घ्यायचे मुलीचे वडील आता माझ्याकडे बघायलाही तयार नव्हते. तरी मी ट्रककडे गेले, कारण आशू बरोबर होती आणि मागे फिरले असते तर तिने तेवढेच लक्षात ठेवले असते.

ताशा ट्रकच्या नाकावर, दोन दिव्यांच्या मध्ये टांगलेला होता. त्यावर आशूनेच कधी काळी पांढऱ्या रंगाने काढलेली कवटी होती.

"दिलीपभाऊ, ताशा न्यायला आलोय," मी म्हटले.

"कोणता ताशा, ताई? हा व्हय? हा तर गाडीचा दागिना हाय." मग तो आशूकडे वळला. "काय गं, गोल यायला लागल्या का भाकऱ्या?"

त्याची पोरे हसली. आशू वळून आमच्या पिकअपकडे चालत गेली. मी मागून गेले तेव्हा ती माझी पिशवी उघडून बसली होती. तिच्या हातात एक बाटली होती.

"आत्या, ही खळ कुणासाठी आणलीस?"

"साडीसाठी."

तिने माझ्या साडीकडे बघितले. मी नायलॉनची नेसले होते. पुढच्या काही मिनिटांत ओढणी पिकअपच्या आरशाला लटकली होती आणि लाल केस उभे होते.

नांदगाव, दुपार

त्या दिवशी मुहूर्त दाट होता, दोन्ही लग्ने गोरज. त्याआधी नवरदेवाने वाजतगाजत मारुतीच्या पाया पडून यायचे असते. आपल्याकडेही हे आहे, पण नाशिकला मारुती पुष्कळ. इथे सगळ्यांचा मारुती एकच आणि त्याच्याकडे जाणारी गल्लीही एकच, दोन्ही बाजूंना दुकाने.

जेवण उरकून घ्या, असे लीलाबाई म्हणाल्या. वांग्याची तर्रीवाली भाजी, वरण, बुंदी. भाजी आपल्या घशाला झेपणारी नव्हे. बुंदी जवळ ठेवून खावी. जेवता जेवता कळले की त्यांच्या नवरदेवाच्या बँजो पार्टीची गाडी मालेगावच्या अलीकडे बंद पडली आहे, गावात आलेली एकुलती एक घोडी पलीकडच्या वऱ्हाडाकडे आहे, आणि नवरदेव पायी जायला तयार नाही. लीलाबाईंच्या डोळ्यांत पाणी आले होते. फिरदोसने पाण्याचा पेला खाली ठेवला आणि म्हणाली, काकू, बँड आहे.

नवरदेव आमच्या पिकअपवर चढला. केबिनच्या टपावर गादी घातली, कडेने झेंडूच्या माळा सोडल्या. मागच्या हौद्यात फिरदोस गिटार आणि स्पीकर घेऊन बसली. आशूने आचाऱ्याकडून एक घमेले, तेलाचा रिकामा डबा आणि दोन वेताच्या काठ्या मागून आणल्या, फुलांचे क्रेट उलटे मांडले आणि त्यांच्यामागे उभी राहिली. पहिला ठोका घमेल्याच्या काठावर पडला. हे मला आरशात दिसले. दुसरा बरोबर मधोमध.

मी पहिल्या गिअरमध्ये गाडी काढली. ते संगीत नांदगावने पूर्वी ऐकले नसावे, मखमलाबादनेही नाही. पण ठेका पक्का होता आणि करवल्यांना नाचायला तेवढा पुरतो. लीलाबाईंचे दीर ताट वाजवत पुढे चालले.

गल्लीच्या मध्यावर आलो तेव्हा समोरून डॉलरचा ट्रक येत होता. त्यांचा नवरदेव दर्शन घेऊन परतत होता आणि आमचा निघाला होता. दोन्ही गाड्या नाकाला नाक लावून थांबल्या. दुकानदारांनी शटर निम्मी ओढली आणि खालून वाकून बघू लागले. अशा वेळी मागे कोणी जायचे नसते. मागे गेलेल्या वरातीचा कमीपणा होतो आणि तो वर्षभर पुरतो. मग वाजंत्री एकमेकांवर वाजवतात. ज्याचा हात आधी थांबेल तो रिव्हर्स घेतो.

डॉलरने हॅट पुढे ओढली आणि आवाज वाढवला. त्याच्याकडे चार कर्णे होते. आमच्याकडे एक स्पीकर आणि माझा हॉर्न. फिरदोसची एक तार तुटली, ती उरलेल्यांवर वाजवत राहिली. घमेल्याला पोचे पडत होते. आमच्या बाजूच्या बायका थकू लागल्या आणि मला कळेना की आता काय. रिव्हर्सच्या गिअरवर माझा हात होता, हे इथे लिहिते, कारण तेव्हा कोणी पाहिले नाही.

तेवढ्यात आशूने ठेका बदलला. तीन जलद, एक मोकळा, तीन जलद, एक मोकळा.

डॉलरच्या ट्रकमागे त्यांचा नवरदेव पांढऱ्या घोडीवर होता. घोडीने कान टवकारले. मग पुढचा एक पाय उचलला, मग दुसरा, आणि ट्रकच्या कडेच्या फटीतून नाचत नाचत, पाठीवरच्या नवरदेवासकट, थेट आमच्या पिकअपच्या हौद्याशी येऊन उभी राहिली. नवरदेवाने मुंडावळ्या बाजूला करून आमच्या नवरदेवाकडे बघितले. आमच्याने त्याला नमस्कार केला.

मागून घोडीवाले बाबा लगाम धरायला धावत आले. डॉलरच्या पार्टीबरोबर हंगामभर हीच घोडी फिरते, आणि नाचायला ती आशूच्या ताशावरच शिकली होती. "महिनाभर धड पाय उचलत नव्हती," बाबा म्हणाले. "तिला या पोरीचाच हात ठाऊक हाय. मी तरी काय करू?"

डॉलरच्या ताशावाल्या पोराने ठेका बदलून पाहिला, जोराने वाजवून पाहिला. घोडी घमेल्याकडे तोंड करून उभी. तिकडच्या नवरदेवाचे मामा घड्याळ बघू लागले. भारदस्त माणूस, मोठा फेटा. ते डॉलरला म्हणाले, "मुहूर्त टळला तर तुला याच गल्लीत उभा करीन. ती पोरगी काय म्हणते ते ऐक."

सगळी गल्ली आशूकडे बघत होती. ती हौद्यातून खाली उतरली.

"माझा ताशा," ती म्हणाली.

डॉलरने ट्रकच्या नाकावरून ताशा सोडवला आणि आणून दिला. तिने तो गळ्यात घातला, पट्टा सारखा केला. पण काठ्या उचलल्या नाहीत.

"सगळ्यांची नावं घेता ना सुरुवातीला? बँजोवर अमुक, ढोलावर तमुक. माझं कधी घेतलं नाही. घ्या आता."

डॉलरने माइक तोंडाशी नेला. "ताशावर..." आणि थांबला. पूर्ण नाव त्याला माहीतच नव्हते. हंगामभर ती 'आमची लेडीज' होती. त्याने माइक खाली करून, हॅट काढून, हळूच तिला विचारले. तिने सांगितले. मग चारही कर्ण्यांतून ते गल्लीभर गेले: ताशावर, अश्विनी रामदास, मखमलाबाद, नाशिक.

ट्रकने रिव्हर्स घेतला. आशूने आधी घोडीला त्यांच्या मांडवाच्या तोंडापर्यंत नेऊन सोडले, मग परत येऊन आमच्या नवरदेवाला मारुतीपर्यंत. दोन्ही लग्ने वेळेवर लागली. डॉलर मध्ये एकदा आमच्या गाडीपाशी आला आणि म्हणाला, पुढचा हंगाम बघ, विचार कर. आशू त्याला म्हणाली की आमचा बँड दोघींचा आहे. फेटेवाले मामा मागेच उभे होते. त्यांच्या पुतण्याचे लग्न रविवारी मनमाडला होते. त्यांनी खिशातून सुपारी काढली आणि दोघींच्या पुढे धरली.

परत

त्या बाजूला जाणाऱ्यांनी एवढे लक्षात ठेवावे: नांदगावला जाताना पाणी मनमाडच्या गुरुद्वारातच भरून घ्यावे. मांडवाचा फक्त रंग विचारू नये, घरचे नाव विचारावे. आणि मे महिन्यात मुहूर्ताच्या दिवशी मारुतीच्या गल्लीत गाडी घालू नये, घालायची तर सोबत वाजवणारे असावेत.

दादा अंगणात वाट बघत होता. आशूचे केस उभे होते आणि गळ्यात ताशा होता. फिरदोसने गाडीतून उतरायच्या आधीच सगळे सांगायला सुरुवात केली होती. दादाने घोडीचे ऐकून घेतले, डॉलरचे ऐकून घेतले, आणि मग मला बाजूला घेतले.

"माइकवर माझंपण नाव घेतलं?"

"घेतलं."

"लोकांना नीट ऐकू आलं?"

"चार कर्णे होते, दादा."

तो आत गेला. रविवारच्या पाहुण्यांना फोन लावल्याचे मला बाहेर ऐकू आले. आधी त्याने तब्येतीची चौकशी केली, मग पावसाची. मग म्हणाला, "रविवारी नको. मुलीला मनमाडला वाजवायला जायचंय." तिकडून बराच वेळ कोणीतरी बोलत होते. दादा ऐकत होता.

"हो, ताशा," तो म्हणाला. "नाही, आमचीच. अश्विनी."